रोपलेला दांत व सूर्याचें ऋण

दांत गेले कीं भाकरी कठीण होते, हें खेड्यांतील वडील माणसें अनुभवानें जाणतात. शिरूर तालुक्यांतील केंदूरसारख्या गांवीं ज्वारी-बाजरीची भाकरी हेंच नित्याचें अन्न. ती चावतां येईनाशी झाली म्हणजे मनुष्य ती कालवणांत कुस्करून गिळूं लागतो, व त्याचा आहार हळूहळू घटतो. अशा माणसांस आतां दंतवैद्य जबड्याच्या हाडांत धातूचा खुंट बसवून त्यावर कृत्रिम दांत चढवून देतात. यासच दंतरोपण, अथवा लोकांच्या बोलण्यांत 'इम्प्लांट', असें म्हणतात. त्याचा खर्च शेतकरी कुटुंबास जड जातो. म्हणून असा दांत कशानें टिकतो व कशानें सुटतो, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

स्वीडनमधील शास्त्रज्ञ ब्रोनेमार्क हे १९५२ सालीं सशांच्या हाडांतील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठीं हाडांत बसविलेलें टायटॅनियम धातूचें लहान उपकरण ते काढूं गेले, तों तें निघेना. हाड त्यास घट्ट बिलगून वाढलें होतें. या शोधाच्या आधारें त्यांनीं १९६५ सालीं मनुष्याच्या जबड्यांत असे खुंट प्रथम बसविले. तात्पर्य, हा खुंट कोणत्याहि लुकणानें चिकटविलेला नसतो. आरंभीं तो भिंतींत ठोकलेल्या खुंटीप्रमाणें केवळ दाबानें उभा असतो. पुढें भोंवतालचें कांहीं जुनें हाड झिजतें व त्याच्या जागीं नवें हाड धातूस बिलगून तयार होतें. या कामास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात. जुनी पकड सैल होत असतां नवी तयार झाली नाहीं, तर खुंट हलूं लागतो व काढावा लागतो.

नवें हाड घडण्यास कॅल्शियम हवें, आणि तें आंतड्यांतून रक्तांत नीट शोषलें जाण्यास 'ड' जीवनसत्त्व हवें. हें सत्त्व नसेल तर अन्नांतील जेमतेम १० ते १५ टक्के कॅल्शियम अंगीं लागतें. पुरेसें असेल तर हें प्रमाण ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जातें. म्हणजे नाचणी व दूध भरपूर घेऊनहि बराच भाग वायां जाऊं शकतो. शिवाय रक्तांत कॅल्शियम उणें पडलें कीं शरीर तें हाडांतूनच काढून घेतें. ज्या घराचा पाया भरावयाचा, त्याच घराचे दगड उपसले जातात!

हें सत्त्व अंड्याचा बलक, तेलकट मासे अशा थोड्याच पदार्थांत सांपडतें. त्याचा मुख्य पुरवठा सूर्याकडून होतो. उन्हांतील अतिनील किरणांनीं तें त्वचेंत निर्माण होतें, व यकृत आणि मूत्रपिंड यांत त्यास उपयुक्त रूप येतें. ऊन व हाडें यांचा हा संबंध उलगडण्यांत महाराष्ट्राचाहि वाटा आहे. थिओबाल्ड पाम या वैद्यकीय मिशनऱ्यानें १८९० सालीं असें प्रतिपादिलें कीं, मुडदूस हा रोग उन्हाच्या अभावीं होतो. पुढें १९२२ सालीं हचिसन व शाह यांनीं नाशिक येथील आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. पडद्यांत राहणाऱ्या सधन घराण्यांत हा रोग त्यांस आढळला. उलट, निकृष्ट अन्नावर राहून उन्हांत राबणारे गरीब त्यापासून बचावले होते. आज पुष्कळांचा दिवस छपराखालींच जातो. २०११ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील वैद्यांनीं १,१३७ निरोगी तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत सुमारें ७० टक्क्यांत हें सत्त्व कमी आढळलें.

मग या उणिवेनें रोपलेला दांत खरोखर सुटतो काय? इटलींतील मंगानो व त्यांचे सहकारी यांनीं ८८५ रोग्यांचा अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध केला. ज्यांच्यांत हें सत्त्व अत्यल्प होतें, त्यांपैकीं ११.१ टक्के रोग्यांत रोपण लवकरच निष्फळ झालें. मध्यम प्रमाण असलेल्यांत ४.४ टक्के, व पुरेसें असलेल्यांत २.९ टक्के. आंकडे बोलके दिसतात. परंतु पहिल्या वर्गांत अवघे २७ रोगी होते, व त्यांतील तिघांचें रोपण फसलें. एवढ्या लहान संख्येवरून निश्चित सिद्धांत मांडतां येत नाहीं, असें गणितानेंच ठरलें. विद्यार्थ्यांनीं यांतून बोध घ्यावा कीं, टक्केवारी वाचतांना मूळ संख्या किती, हें आधीं विचारावें.

तथापि हाडाच्या घडणीस हें सत्त्व लागतें, याविषयीं शंका नाहीं. म्हणून रोपणापूर्वीं रक्त तपासावें काय, हें दंतवैद्यास विचारावें, व उणीव आढळल्यास आधींच भरून काढावी. कोंवळ्या उन्हाची आपल्याकडे फार महती आहे; परंतु सकाळीं हे किरण अल्प असतात. सुमारें अकरा ते तीन या वेळांत हातपाय उघडे ठेवून, त्वचा न भाजेल इतकाच वेळ उन्हांत राहणें अधिक उपयुक्त. खिडकीच्या कांचेंतून आलेलें ऊन या कामीं व्यर्थ होय. गोळ्या किंवा सुया मात्र मनानें घेऊं नयेत. प्रौढांसाठीं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं रोजचें प्रमाण ६०० एकक असें ठरविलें आहे. अतिरेकानें रक्तांत कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस अपाय होतो.

शेवटीं, मशेरी, तंबाखू, विडी व आटोक्यांत नसलेला मधुमेह हे रोपलेल्या दांताचे मोठे वैरी आहेत. त्यांस घरांत ठेवून केवळ उन्हावर भिस्त ठेवणें शहाणपणाचें नव्हे. आणि देवानें दिलेला दांत नीट घासून जपणें, हें कोणत्याहि रोपणाहून स्वस्त व श्रेष्ठ आहे.