दृष्टी मोजणाऱ्यांची विद्या



आज ज्या विषयासंबंधी चार शब्द सांगावयाचे मी योजिले आहे, तो वैद्यकाच्या प्रांतातील आहे. आणि मी तर वैद्य नव्हे. मॅट्रिकची परीक्षा, त्यानंतरचे शिक्षकाचे प्रशिक्षण आणि खडूफळ्यापाशी गेलेली हयात, एवढीच माझी शिदोरी. मग या विषयाशी माझा संबंध तो काय, असा प्रश्न आपणांस पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर एका मुलाच्या हकीकतीत आहे, आणि ती हकीकत मला भूषणावह नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात शेवटच्या रांगेत एक मुलगा बसत असे. फळ्यावरील गणित उतरून घेताना तो १ च्या जागी ९ लिही, ३ च्या जागी ६ लिही. तोंडी हिशेब मात्र बिनचूक सांगे. एवढ्यावरूनच माझ्या ध्यानात यावयास हवे होते. परंतु मी त्याला निष्काळजी ठरविले आणि दोनतीन वेळा छडीही चालविली. पुढे शाळेतील मुलांचे डोळे तपासण्यासाठी सरकारी रुग्णालयातून एक गृहस्थ आले. त्यांनी या मुलाला तक्त्यापासून ६ मीटरांवर उभे केले. सर्वांत वरचे मोठे अक्षर तेवढे त्याने ओळखले. खालच्या ओळी त्याच्या लेखी नव्हत्याच. चष्मा आला त्या दिवशी तो पटांगणातील कडुलिंबाकडे कितीतरी वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, झाडाची पानं सुटी सुटी दिसायलीत!” ती छडी मी त्यानंतर हाती धरली नाही.

ते गृहस्थ डॉक्टर नव्हते, तसेच चष्म्यांचे दुकानदारही नव्हते. मग ते कोण? त्यांची विद्या कोणती? आणि आपल्या मुलामुलींना ती संपादन करावयाची असल्यास मार्ग कोणता? आजच्या भाषणाचा विषय एवढाच.

डोळ्यांच्या कामात चार प्रकारची माणसे असतात. पहिला चष्मा तयार करणारा कारागीर. दिलेल्या नंबरप्रमाणे काच घासून ती चौकटीत नीट बसविणे हे त्याचे काम. दुसरा नेत्र-साहाय्यक किंवा दृष्टितंत्रज्ञ. दृष्टी तपासणे, सामान्य नंबर काढणे, मोतीबिंदूचा संशय असलेला रुग्ण हुडकून पुढे पाठविणे आणि शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांना साहाय्य करणे ही त्याची कामे. तिसरा ऑप्टोमेट्रिस्ट. दृष्टीचे मोजमाप हा त्याचा संपूर्ण शास्त्रीय विषय असतो. चौथे नेत्रवैद्य, म्हणजे वैद्यकाची पदवी घेऊन पुढे नेत्ररोगांत तज्ज्ञ झालेले डॉक्टर. शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार या चौथ्यांचाच होय.

आता कोणी म्हणेल की, अक्षरे वाचून घेणे यात विद्या ती काय? हा भ्रम आहे. नेदरलंड देशातील डॉक्टर स्नेलेन यांनी १८६२ साली जो तक्ता सिद्ध केला, त्यामागे सूक्ष्म गणित आहे. निरोगी डोळ्याला ६ मीटरांवरून जे अक्षर ओळखता यावे, त्याची उंची जेमतेम ८.७ मिलिमीटर असते. तक्त्यावरील सर्वांत मोठे अक्षर याच्या दहापट असते. निरोगी माणसाला ते ६० मीटरांवरूनही ओळखू येते. जो ते ६ मीटरांवरूनच ओळखू शकतो, त्याची दृष्टी ६/६० अशी लिहितात. माझ्या त्या विद्यार्थ्याची दृष्टी एवढीच होती.

परंतु अक्षरे न येणाऱ्या बालकाचे काय? त्याच्याकरिता रेटिनोस्कोप नावाचे उपकरण आहे. अंधाऱ्या खोलीत बाहुलीवर प्रकाशाची तिरीप हलविली असता आतून परतणारी चकाकी तिरिपीच्या दिशेने सरकते की उलट, हे तपासनीस पाहतो. मग एकामागून एक काचा धरून ती चकाकी हलेनाशी होईपर्यंत तो प्रयत्न करतो. त्यावरून बालकाने एक शब्दही न उच्चारता त्याचा नंबर निघतो. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. शेकडो डोळे पाहिल्यानंतर हाताला वळण लागते. तिरपा नंबर लिहिताना काचेचा अक्ष ९० अंशांऐवजी १८० लिहिला गेला, तर काच निर्दोष असूनही चष्मा निरुपयोगी होतो आणि डोके दुखू लागते. म्हणून या धंद्यात शिक्षणाला महत्त्व आहे.

आपल्या देशात या शिक्षणाचा पाया १९५८ साली, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात घातला गेला. अलीगढचे गांधी नेत्र रुग्णालय आणि हैदराबादचे सरोजिनी देवी नेत्र रुग्णालय या दोन ठिकाणी ऑप्टोमेट्रीच्या शाळा निघाल्या. हैदराबाद आम्हां मराठवाड्यातील लोकांना परके नव्हते. १९५६ पर्यंत आमचे राज्य एकच होते. पुढे १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी रुग्णालयांत नेत्र-साहाय्यकांची योजना झाली. १९८५ साली मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री ही संस्था निघाली आणि चार वर्षांच्या पदवीची वाट मोकळी झाली. आता महाराष्ट्रातही, पुण्यास भारती विद्यापीठात व मुंबईस लोटस महाविद्यालयात, ही पदवी घेता येते.

शिक्षणाचा रूढ क्रम असा आहे. बारावीस विज्ञान शाखा हवी. पदार्थविज्ञान व रसायन यांच्या जोडीला जीवशास्त्र अथवा गणित असावे. प्रकाशाचे वक्रीभवन ज्याला कळले नाही, त्याला भिंग कळणार नाही; म्हणून पदार्थविज्ञानाचा कंटाळा असणाऱ्याने या वाटेस न लागणे बरे. बारावीनंतर दोन फाटे फुटतात. एक दोन वर्षांच्या पदविकेचा. त्यातून नेत्र-साहाय्यक तयार होतात. दुसरा बॅचलर ऑफ ऑप्टोमेट्री या पदवीचा. हा चार वर्षांचा असून त्यातील अखेरचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णालयात काम करण्यात जाते. पदवीनंतर दोन वर्षांची उच्च पदवी आणि त्यापुढे संशोधनाचा मार्गही खुला आहे. काही संस्था पदविकाधारकाला पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश देतात. गरिबीमुळे ज्याला आधी कमावणे भाग आहे, त्याच्यासाठी ही सोय मोलाची आहे.

२०२१ साली संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. ऑप्टोमेट्रिस्ट, नेत्र-साहाय्यक आणि दृष्टितंत्रज्ञ हे तिन्ही व्यवसाय त्यात आले आहेत. या कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायासाठी किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण ठरविले असून राज्य परिषदेकडे नोंदणीची तरतूद केली आहे. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या: पदवी कोणत्या विद्यापीठाची, शिक्षणाचे तास किती, आणि प्रत्यक्ष रुग्ण कोणत्या रुग्णालयात पाहावयास मिळतील?

हे मी उगाच सांगत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी बैलजोडी विकून तिला सहा महिन्यांच्या एका वर्गात घातले. सुंदर छापलेले प्रमाणपत्र मिळाले. ते घेऊन ती नोकरीस गेली, तेव्हा त्याला कोणी विचारीना. संस्थेचे नाव मी घेत नाही. अशा पाट्या गावोगाव लागतात. पोरीने पुढे दोन वर्षांची पदविका पुरी केली आणि आज ती एका नेत्र रुग्णालयात तपासणी विभागात आहे. परंतु ते वर्ष आणि ते बैल परत आले नाहीत.

आता उत्कर्षाच्या पायऱ्या पाहू. रुग्णालयात मनुष्य कनिष्ठ तंत्रज्ञ म्हणून लागतो, मग ज्येष्ठ होतो, आणि पुढे तपासणी विभागाची किंवा एखाद्या खेड्यातील दृष्टिकेंद्राची जबाबदारी त्याच्यावर येते. सरकारी नोकरीत ग्रामीण रुग्णालयापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत जागा असतात. पदवीधराला स्पर्शभिंगे, लहान मुलांची दृष्टी, तिरळेपणा, अत्यल्प दृष्टी असणाऱ्यांचे साहाय्य, अशा शाखांत प्रावीण्य मिळविता येते. अध्यापनही करता येते. स्वतःचे दुकान काढणारेही पुष्कळ आहेत. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कितीही वर्षे सेवा केली तरी तंत्रज्ञाचा नेत्रवैद्य होत नाही. त्यासाठी वैद्यकाची पदवी आरंभापासूनच घ्यावी लागते. ही मर्यादा ज्याला मानहानीची वाटते, त्याने आधीच विचार करावा. उत्तम तंत्रज्ञ तोच, ज्याला आपली हद्द ठाऊक असते. दृष्टी एकाएकी गेली, डोळा लाल होऊन दुखू लागला, तर काचा बदलीत न बसता तो रुग्णाला तत्काळ डॉक्टरांकडे धाडतो.

या माणसांची गरज किती आहे, हे आमच्या वाळूजलाच पाहावे. १९८५ साली येथे बजाजचा कारखाना उभा राहिला आणि ज्वारीच्या शिवारात यंत्रांचा खडखडाट सुरू झाला. लेथवरचा लोखंडी कीस, घासणीच्या चाकाची ठिणगी, वेल्डिंगचा झगझगाट, हे सारे डोळ्यांचे वैरी. कारखान्यांच्या १९४८ सालच्या कायद्यातील ३५ व्या कलमात डोळ्यांच्या रक्षणाची तरतूद केलेली होती. परंतु कामगाराला माप बारीक दिसत नाही, हे त्याने सांगितल्याशिवाय कळणार कसे? नोकरी जाईल या भीतीने तो बोलत नाही. चाळिशी उलटली की जवळचे दिसेनासे होणे हा निसर्गक्रम आहे. साध्या चष्म्याने ती अडचण दूर होते. हे त्याला आपुलकीने समजावून सांगणारा शिकलेला माणूस हवा. राष्ट्रीय सर्वेक्षणाप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आलेले आहे, म्हणजे ते बहुतेक बरे होण्याजोगे आहे. तो रुग्ण खेड्याच्या ओसरीवरून उठवून रुग्णालयापर्यंत आणावयाचा, तर आधी त्याचे डोळे तपासणारा कोणी त्याच्या दारी गेला पाहिजे.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा डॉक्टर किंवा इंजिनिअर झाला नाही तर त्याचे शिक्षण वाया गेले, असे समजू नये. आणि माझ्या शिक्षकबंधूंनो व भगिनींनो, फळा पाहताना डोळे बारीक करणारे, पुस्तक नाकाशी धरणारे मूल आपल्या वर्गात असेल, तर त्याला आधी पुढच्या बाकावर बसवा, मग तपासणीस पाठवा. मला हे उशिरा कळले. आपणांस वेळेवर कळावे म्हणून सांगितले.