जुन्या संगणकाला मोडेम लावताना

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्यांच्या घरी विंडोज सेव्हनचा जुना संगणक अजून पुष्कळदा सापडतो. मुलांच्या अभ्यासासाठी त्याला यूएसबी मोडेम लावावा, तर पडद्यावर नुसती सीडीची खूण! दुरुस्तीवाला लगेच म्हणतो, "नवा संगणकच घ्या." त्याचं काय जातं! भगिनींनो, पुष्कळशा मोडेमच्या पोटातच त्याचा ड्रायव्हर साठवलेला असतो, म्हणून आधी सीडी दिसते. ती उघडून आतला 'सेटअप' चालवावा, मग संगणक मोडेमला ओळखतो. नाहीच ओळखला, तर मागच्या खाचेत लावून पाहावा. पुढच्या खाचेत कधीकधी वीज कमी पडते. बँकेचे व्यवहार मात्र यावर नकोत. विंडोज सेव्हनच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या 14 जानेवारी 2020 लाच थांबल्या. आणि नवा मोडेम घेताना खोक्यावर 'विंडोज सेव्हन' छापलंय का, ते दुकानातच वाचून घ्यावं.