गंगेचे सांगणे : ‘सिल नेरंगळिल सिल मनिदर्गळ’

‘सिल नेरंगळिल सिल मनिदर्गळ’ (काही वेळी काही माणसे) हा ए. भीमसिंग यांनी दिग्दर्शित केलेला तमिळ चित्रपट १९७७ साली प्रदर्शित झाला. कादंबरी जयकांतन यांची, पटकथा, संवाद आणि गीतेही त्यांचीच. भारतीय चित्रपटांतला प्रामाणिक माणूस बहुधा लाच नाकारणारा असतो. पोलीस अधिकारी, मास्तर, नाहीतर सरळमार्गी कारकून. या चित्रपटातला प्रामाणिकपणा पैशाअडक्याचा नाही. महाविद्यालयात शिकणारी गंगा नावाची एक मुलगी स्वतःवर ओढवलेला प्रसंग घरी येऊन आईला जसाच्या तसा सांगते आणि त्या सांगण्याची किंमत पुढे कित्येक वर्षे मोजत राहते.

या कथेचा उगम जयकांतन यांच्याच ‘अग्निप्रवेशम’ या लघुकथेत आहे. ती १९६६ साली ‘आनंद विकटन’ साप्ताहिकात आली. पावसाळी संध्याकाळी बसची वाट पाहत उभ्या असलेल्या गरीब ब्राह्मण घरातल्या मुलीला एक श्रीमंत तरुण आपल्या गाडीत घेतो आणि आडबाजूला नेऊन तिचा उपभोग घेतो. मुलगी घरी येऊन आईला सारे सांगते. आई हादरते, पण मग लेकीच्या डोक्यावरून पाणी ओतते, ती शुद्ध झाली असे म्हणते आणि ही गोष्ट कुणाला कळू द्यायची नाही असे बजावते. कथेवर मोठे वादळ उठले. एका आईने असा प्रसंग पोटात घालावा हे अनेक वाचकांना सहन झाले नाही.

जयकांतन यांनी या वादाला उत्तर दिले ते कादंबरी लिहून. आईने पोटात घातलेच नसते तर काय झाले असते, हा तिचा प्रश्न. ‘दिनमणी कदिर’मध्ये ती ‘कालंगळ मारुम’ या नावाने क्रमशः आली, पुढे आजच्या नावाने पुस्तकरूप झाली आणि १९७२ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९३४ साली कडलूरजवळ जन्मलेल्या जयकांतन यांचे शालेय शिक्षण पाचवीच्या आसपासच थांबले होते. लहान वयात ते मद्रासला कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यालयात राहिले आणि तिथल्याच वातावरणात घडले. झोपडपट्टीतल्या माणसांवर लिहिणारा लेखक म्हणून त्यांची ओळख होती. ब्राह्मण मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात शिरून त्यांनी केलेले हे लेखन म्हणूनच अधिक झोंबले असावे.

चित्रपटात गंगेची आई कनकम (सुंदरीबाई) लेकीचे ऐकते आणि टाहो फोडते. शेजारपाजारी बातमी जाते, भाऊ गणेशन बहिणीला घराबाहेर काढतो. चित्रपटाचा खरा घाव इथे आहे. गंगा खोटे बोलली असती, पावसामुळे उशीर झाला एवढेच म्हणाली असती, तर तिचे आयुष्य चारचौघींसारखे गेले असते. शिक्षा होते ती सत्य बोलणारीला, आणि ती देणारे स्वतःला सभ्य समजतात. पुढे वकील असलेले व्यंकटरामन मामा (वाय. जी. पार्थसारथी) तिला आधार देतात, शिकवतात. त्यांच्या धर्मशास्त्राच्या गप्पांमागे भाचीवरची वाईट नजर लपलेली असते. हे पात्र चित्रपटातले सर्वांत भेदक. गंगा शिकून नोकरीत वरच्या पदावर पोचते, तरी ‘तू कुणाची बायको होऊ शकत नाहीस, फार तर कुणाची तरी रखेली होशील’ हा मामांचा निवाडा तिचा पिच्छा सोडत नाही.

मग एक कथा गंगेच्या हाती लागते. ती ‘अग्निप्रवेशम’च असते. लेखक आर. के. व्ही. तिच्याच महाविद्यालयात नोकरीला होता हे तिला कळते आणि त्याच्याकरवी ती त्या पुरुषाचा, प्रभाकरचा, शोध घेते. जयकांतन यांनी आपली कथा आणि जणू आपलीच प्रतिमा कथानकात आणून बसवली आहे. लिहिणाऱ्याची जबाबदारी कुठवर, हा प्रश्न त्यामुळे आपोआप उभा राहतो. विनोदी नट म्हणून घराघरांत पोचलेल्या नागेश यांनी हा लेखक अत्यंत संयत केला आहे.

प्रभाकर (श्रीकांत) खलनायक नाही. बायको आणि मोठी होत चाललेली मुलगी असलेला, श्रीमंतीत भरकटलेला, दुबळा माणूस आहे तो. आपल्या एका संध्याकाळीने कुणाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले याची त्याला कल्पनाच नसते. गंगा त्याच्याशी मैत्री करते. जग तिला त्याची रखेली म्हणते आणि ती ते नाकारत नाही, प्रत्यक्षात मात्र दोघांमध्ये देहाचा संबंध नसतो. तिच्या सहवासात प्रभाकरची सदसद्विवेकबुद्धी जागी होते. तिला नीट संसार मिळावा म्हणून तो दूर जातो आणि तिला पुन्हा एकटी करतो. आजच्या प्रेक्षकाला इथे अडखळायला होते. गाडीतल्या प्रसंगाला चित्रपट बलात्कार म्हणत नाही, आणि अत्याचार करणाऱ्याशीच मनाने बांधली गेलेली नायिका स्वीकारणे सोपे नाही. ही मर्यादा खरीच. पण गंगेला दयेची भीक नको आहे आणि लग्नाची सफेदीही नको आहे, हे चित्रपट शेवटपर्यंत धरून ठेवतो.

भीमसिंग यांची ख्याती त्याआधी वेगळी होती. ‘भाग पिरिविनै’, ‘पासमलर’, ‘पावमन्निप्पु’ असे शिवाजी गणेशन यांचे भावनांनी ओथंबलेले कौटुंबिक चित्रपट त्यांनी दिले. हिंदीत ‘खानदान’, ‘आदमी’, ‘गोपी’ केले. अश्रूंवर इतकी हुकमत असलेल्या दिग्दर्शकाने इथे अश्रू आवरते घेतले आणि संवादांना जागा दिली. चित्रपट त्यामुळे बोलका, क्वचित शब्दबंबाळ झाला आहे. संगीत एम. एस. विश्वनाथन यांचे. एक गाणे त्यांनी स्वतः गायले आहे, दुसरे वाणी जयराम यांनी. कुमार गंधर्वांबरोबर मराठी नाट्यगीत गाणाऱ्या वाणी जयराम त्या याच.

गंगेच्या भूमिकेसाठी लक्ष्मी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तमिळ चित्रपटासाठी हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच. मराठी प्रेक्षक त्यांना ‘ज्युली’मुळे ओळखतात. पुढच्याच वर्षी हा पुरस्कार स्मिता पाटील यांना ‘भूमिका’साठी मिळाला, आणि त्या चित्रपटामागे होते हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’. आपल्यावर काय गुदरले हे स्वतःच्या तोंडाने सांगणाऱ्या दोन स्त्रिया लागोपाठ दोन वर्षे सन्मानाच्या जागी आल्या.

जयकांतन, भीमसिंग, लक्ष्मी आणि श्रीकांत पुन्हा एकत्र आले ते ‘ओरु नडिगै नाडगम पार्किराळ’मध्ये. तो १९७८ साली आला. त्याच वर्षाच्या जानेवारीत भीमसिंग यांचे निधन झाले होते. गंगेला जयकांतन यांनी मात्र तिथेच सोडले नाही. ‘गंगै एंगे पोगिराळ’ या कादंबरीत त्यांनी तिची कथा पुढे नेली.