एका खुणेसाठीं केवढें घर?



संगणकाचा सारा कारभार जी कार्यव्यवस्था पाहते, तिच्या गाभ्यांत असंख्य बारीक खुणा सतत मांडल्या व पुसल्या जात असतात. ‘हें पान सध्यां कुलुपांत आहे’, ‘हें पान बदललें असून तबकडीवर लिहावयाचें राहिलें आहे’, अशा त्या खुणा. प्रत्येकीस एक बिट पुरे. शून्य किंवा एक. परंतु या खुणा कोणत्या मापाच्या घरांत ठेवाव्या? प्रश्न क्षुल्लक दिसतो. पण उत्तर चुकलें, तर आपला हिशेब किंवा आपलें पत्र निमूटपणें बिघडूं शकतें.

जन्मभर फळ्यापुढें उभा राहिलों असल्यामुळें मी फळ्याचाच दाखला देतों. फळ्यावर चौकटींची एक ओळ आहे. दोन विद्यार्थी ती ओळ आपापल्या वहींत उतरवून घेतात, तींत आपली खूण घालतात, आणि फळा पुसून सगळी ओळ पुन्हां लिहितात. मागाहून लिहिणाऱ्याच्या हातून पहिल्याची खूण नाहींशी होते. वाचणें, बदलणें आणि परत लिहिणें या तीन पायऱ्यांनीं काम करणाऱ्या दोन प्रोसेसरांचें असेंच होतें. म्हणून या तिन्ही पायऱ्या मध्यें कोणासहि शिरूं न देतां एकदम व्हाव्या लागतात. हिलाच अविभाज्य क्रिया म्हणतात.

लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं सुरू केलेल्या लिनक्सच्या गाभ्यांत यासाठीं सेट-बिट, क्लिअर-बिट इत्यादि क्रिया आहेत. त्या ‘अनसाइन्ड लाँग’ याच मापाचें घर मागतात. लिनक्समध्यें हें माप यंत्राच्या स्वाभाविक शब्दाएवढें असतें: ३२ बिटांच्या यंत्रावर ३२, तर ६४ बिटांच्या यंत्रावर ६४.

येथें काटकसरी मनुष्य म्हणेल, “मला पांचच खुणा हव्यात, ६४ चौकटी कशाला? ३२ बिटांचें लहान घर घेतों, आणि तें मोठेंच आहे असें त्या क्रियेस भासवितों.” या लबाडींत दोन धोके आहेत. पहिला असा कीं, लहान घराचा पत्ता आठानें भागला जाईलच असें नाहीं. आणि अशा वांकड्या पत्त्यावर अविभाज्य क्रिया करण्यास कांहीं प्रोसेसर साफ नकार देतात. दुसरा धोका अधिक कपटी आहे. ज्या यंत्रांत थोरला बाइट आधीं मांडतात, तेथें ६४ बिटांच्या शब्दांतील शून्य क्रमांकाची चौकट शेवटच्या बाइटांत येते. म्हणजे आपली खूण शेजाऱ्याच्या घरांत पडते! धाकटा बाइट आधीं मांडणाऱ्या नेहमींच्या यंत्रांवर मात्र खूण योग्य जागीं पडते, व दोष वर्षानुवर्षें झांकून राहतो.

उलट बाजूहि ध्यानांत ठेवावी. दोन्ही जातींच्या यंत्रांवर चालावयाच्या कामांत एका शब्दांत ० ते ३१ एवढेच क्रमांक वापरावे. ३२ बिटांच्या यंत्रावर चाळिसावा क्रमांक मागितला, तर ती क्रिया पुढील शब्दांत जाऊन लिहिते. खुणा अधिक असतील, तर शब्दांची रांगच घ्यावी.

शेजाराचा उपद्रव कसा होतो, तें २०१२ सालीं इटॅनियम प्रोसेसरावर दिसून आलें. बीटीआरएफएस या फाइलव्यवस्थेंत ३२ बिटांच्या एका कुलुपाशेजारीं एका बिटाची साधी खूण होती. ती बदलण्यासाठीं जीसीसी या भाषांतरकारानें ६४ बिटें वाचून परत लिहिण्याची योजना केली. तेवढ्यांत दुसऱ्या प्रोसेसरानें कुलूप बदललें, तर त्याची जुनीच स्थिति त्यावर पुन्हां लिहिली जाई. कुलुपास कोणीं हात लावला, हें वाचणाऱ्यास कळूं नये अशी ही चूक!

सारांश, अविभाज्य खुणांस पुरा शब्द द्यावा, आणि त्या शब्दास एकानें जरी साध्या रीतीनें हात लावला, तरी बाकीच्यांची शिस्त व्यर्थ जाते, हें विसरूं नये. चार बाइटांची काटकसर करून शेजाऱ्याची भिंत पाडण्यांत शहाणपण नाहीं.