होगेवेक : स्मृतिभ्रंश झालेल्यांचे गाव

नेदरलँड्समध्ये ॲम्स्टरडॅमजवळच्या वेस्प येथे 'होगेवेक' ही वसाहत आहे. तीव्र स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांसाठी बांधलेली ही वसाहत २००९ मध्ये पूर्ण झाली. पूर्वी तिथे नेहमीच्या पद्धतीचे शुश्रूषागृह होते. 'आपल्या आईवडिलांना आपण इथे ठेवू का?' हा प्रश्न तिथे काम करणाऱ्या य्वोन फान आमेरोंगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९० च्या दशकात पडला. बदलाची सुरुवात कर्मचाऱ्यांपासूनच झाली, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट.

एकेका घरात सहा-सात जण राहतात. कोणी कोणाबरोबर राहायचे, हे आजाराच्या टप्प्यावरून नव्हे, तर पूर्वायुष्यातल्या राहणीमानावरून आणि आवडीनिवडींवरून ठरते. स्वयंपाक घरातच होतो. वाणसामान वसाहतीतल्या सुपरमार्केटमधून येते आणि ते आणायला रहिवासीही जातात. कर्मचारी गणवेश न घालता साध्या कपड्यांत वावरतात. बाहेर जाण्याच्या दारावर लक्ष असते. आत मात्र रस्ते, चौक, बागा यांत हवे तसे फिरता येते. उपाहारगृह आणि नाट्यगृह बाहेरच्यांनाही खुले असल्याने भेटीला आलेली मुले-नातवंडे खोलीत अवघडून बसत नाहीत. सगळे मिळून जेवायला जातात.

असे खोटे गाव उभारणे ही रुग्णांची फसवणूक आहे, अशी टीका झाली. ती पटणारी नाही, कारण दुकान खरे आहे आणि तिथली खरेदीही खरी. खर्चाचा मुख्य भार सार्वजनिक दीर्घकालीन शुश्रूषा योजना उचलते. फ्रान्समध्ये डाक्स येथे २०२० मध्ये याच धर्तीवरचे गाव सुरू झाले.