प्रतिपालित मुलांच्या नावावरील परके कर्ज

अमेरिकेत ज्या मुलांना आईवडिलांजवळ ठेवणे सुरक्षित नसते, त्यांना न्यायालयाच्या देखरेखीखाली प्रतिपालक कुटुंबाकडे सोपविण्यात येते. घर बदलले की मुलाची कागदपत्रे शाळा, दवाखाना, बालकल्याण कचेरी अशा अनेक हातांतून फिरतात. त्यांवर त्याचा ९ अंकी सामाजिक सुरक्षा क्रमांक असतो. तो वापरून कोणी तरी, प्रसंगी सख्खा नातेवाईकच, मुलाच्या नावे कर्ज उचलतो किंवा वीजजोडणी घेतो. अल्पवयीन मुलाची पत सहसा कोणी तपासत नाही. त्यामुळे ही लबाडी वर्षानुवर्षे दडून राहते. १८ व्या वर्षी तो स्वतःच्या पायांवर उभा राहू पाहतो, तेव्हा थकबाकीदार म्हणून त्याला भाड्याची खोलीही नाकारली जाते. इतर मुलांना अशा वेळी निदान आईवडिलांचे घर तरी असते.

२०११ च्या संघराज्य कायद्याने १६ वर्षे पूर्ण केलेल्या अशा प्रत्येक मुलाचा कर्जविषयक नोंदींचा अहवाल दरवर्षी विनामूल्य मिळवून देण्याचे बंधन राज्यांवर घातले. २०१४ मध्ये ही वयोमर्यादा १४ वर आणण्यात आली. येथे ‘नोंद आढळली नाही’ हेच समाधानकारक उत्तर होय!

त्याहून लहान मुलांचे काय? २०१८ च्या कायद्यान्वये १६ वर्षांखालील मुलाची नोंद विनामूल्य गोठविता येते. नोंदच नसेल, तर केवळ गोठविण्यासाठी ती तयार करण्यात येते. मात्र इक्विफॅक्स, एक्स्पिरियन व ट्रान्सयुनियन या तिन्ही पतनोंदणी संस्थांकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.