आखाजीच्या आधी

धरणगावच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर ठरते. दिवस कलला की गाठोडं काट्यावर चढतं, आकडा वहीत पडतो आणि आजची कमाई किती हे तिला तिथल्या तिथे कळतं. तरीही गरिबीवरचं गाणं, पथनाट्य किंवा लघुपट घेऊन गावात येणाऱ्यांच्या कागदावर उद्देश म्हणून एकच शब्द असतो, जनजागृती. जागं नेमकं कोणाला करायचं? सुगी सरते न सरते तोच ज्याची किराणा दुकानातली उधारी सुरू होते, त्याला गरिबी समजावून सांगण्याची गरज नाही. मजुरीचा दर कोण ठरवतं, शेजारच्या गावात तो किती आहे आणि तो मागायला आपल्याबरोबर कोण उभं राहील, हे मात्र त्याला एकट्याला विचारता येत नाही. गाण्याचं आणि सिनेमाचं काम इथे आहे. त्यापलीकडचं बरंचसं शहरातल्या प्रेक्षकाला हळहळ वाटावी म्हणून चालतं. हळहळ वाईट नाही, पण तिने वेचणीचा दर वाढत नाही.

कलापथकाचं काम जवळून पाहिलं तर हे लगेच ध्यानात येतं. कातडं सैल पडलं की कागद पेटवून हलगी शेकतात, दोन-चार थापांनी पोरं गोळा होतात, पोरांमागून बाया येऊन कडेला उभ्या राहतात. चाल नेहमी ओळखीची, कधी वहीगायनाची, कधी सिनेमातली, कारण चाल ओळखीची असली की कान शब्दांकडे मोकळा राहतो. सरकारी कार्यक्रम असेल तर संहिता कार्यालयातून आलेली, प्रमाण मराठीत, योजनांच्या नावांनी ठासून भरलेली. ती चालू असताना माणसं उभी असतात, ऐकत असतातच असं नाही. सोंगाड्या मध्येच अहिराणीत एक टोला हाणतो आणि सगळा घोळका एक पाऊल पुढे सरकतो. शेवटी फलकासकट फोटो निघतो, कार्यक्रम झाल्याचा दाखला ग्रामपंचायतीकडून घेतला जातो आणि गाडी पुढच्या गावाला. हा दाखला काय सिद्ध करतो? कार्यक्रम झाला एवढंच. कलावंतांचा त्यात दोष नाही, त्यांचं मानधनच त्या कागदावर अडकलेलं असतं.

हेच साधन पूर्वी वेगळ्या हातांत होतं. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात सावकाराचं कर्ज, लग्नातला खर्च, पोरांची शाळा हे विषय ओतले. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकरांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं, तेव्हा गणात गणपतीच्या जागी मायभूमी आणि हुतात्मे आले. पण त्याहून मोठा फरक समोरच्या गर्दीत होता. ती बहुतेक वेळा युनियनची किंवा किसान सभेची असे, वग संपला तरी संघटना तिथेच राही. खान्देशातलं उदाहरण तर अगदी आपल्या बांधावरचं. शहाद्याकडचे अंबरसिंग सुरतवंती भजनं गात, लोक त्यांना महाराज म्हणत. भजनाच्या निमित्ताने जमणाऱ्या भिल्ल मजुरांत हातची गेलेली जमीन आणि सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याची, मजुरी हे विषय निघाले, आणि 1972 मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली. भजनाने जमीन परत मिळवून दिली असं कोणी म्हणणार नाही. पण आधी माणसं एका जागी बसली, ती भजनाला.

सिनेमाची अडचण निराळी. बाबुराव पेंटरांनी 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ काढला, जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची कथा पडद्यावर आणली, तीही मूकपटात. पण एकदा तयार झालेला चित्रपट बदलत नाही. शाहीर पुढच्या गावात सावकाराचं नाव बदलून गातो, चित्रपटाला ते जमत नाही. म्हणून तो कोणापुढे लागतो याला जास्त महत्त्व येतं. शिरपूरच्या घराण्यातल्या स्मिता पाटील यांची दोन कामं शेजारी ठेवून पाहावीत. जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या ‘चक्र’मधल्या झोपडपट्टीतल्या बाईच्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो रास्तच होता. 1976 चा ‘मंथन’ मात्र गुजरातच्या 5 लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये घालून उभा केला, आणि ते आपला सिनेमा म्हणून तो पाहायला गेले. अभिनय दोन्हीकडे अव्वल. दुसरीकडे प्रेक्षक स्वतःच मालक होता.

यावर आक्षेप येईल की चळवळीला बांधलेलं गाणं प्रचारकी होतं. पुष्कळदा होतंही. बहिणाबाईंच्या मागे संघटना नव्हती, तरी कष्टाचं त्यांच्याइतकं खरं बोलणं मराठीत दुर्मीळ आहे. मात्र असोद्याच्या या बाईने कोणाला जागं करण्यासाठी ओव्या रचल्या नाहीत, जात्यावर आणि शेतात त्या आपसूक आल्या. पुस्तक निघालं 1952 मध्ये, त्या गेल्यावर. ‘मानिनी’ (1961) या चित्रपटातून त्यांची गाणी घरोघर गेली, ती गोड झाली, पण कष्टांपेक्षा गोडवाच लोकांच्या लक्षात राहिला असं मला वाटतं. दुसरा आक्षेप असा की आताच्या पोरांना ‘झुमकावाली पोर’सारखं अहिराणी गाणं हवं, गरिबीचं रडगाणं नको. बरोबर आहे, रडगाणं कोणालाच नको असतं. पण त्या गाण्याच्या यशाने अहिराणीला मोबाइलवर केवढा श्रोता आहे हेही दाखवून दिलं. त्या श्रोत्याशी मजुरीबद्दल त्याच्याच बोलीत, हसत-खिदळत बोललं गेलं तर तो उठून जाईल असं समजायला आधार नाही.

खान्देशात सालदार ठरतो तो आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, एका आखाजीपासून दुसऱ्या आखाजीपर्यंत. त्याच दिवसांत लेकी माहेरी येतात आणि झोक्यावर सासर-माहेराची गाणी म्हणतात. घरोघर गाणं आणि ओट्याओट्यावर सौदा, दोन्ही एकाच वेळी चालू असतं. सरकारी कलापथकं मात्र बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चात फिरतात, कारण निधी मार्चअखेर खर्ची पडायचा असतो. धरणगाव तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी, शाळांनी आणि मंडळांनी कार्यक्रम ठरवताना आखाजीच्या आधीचा आठवडा धरावा, संहिता अहिराणीत लिहून घ्यावी, आणि खेळ संपल्यावर आसपासच्या पाच गावांतले सालाचे आणि वेचणीचे दर माइकवरून वाचून दाखवावेत.